ती होडी थांबव की गं

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला होता, भाकरी अजून तव्यावर होती आणि आज्जीनं इन्सुलिन मात्र नेहमीच्या वेळेला घेतलं होतं. सोप्यात खुर्चीवर बसल्या बसल्या ती एकदम गप्प झाली. हाताला कापरं भरलं, कपाळ गार पडलं, मानेवर घाम. आईनं पिठाचे हात पदराला पुसले, "तू साखर कालव, मी डॉक्टरांना फोन लावतो," म्हणाली आणि कट्ट्यावरचा फोन उचलला. (आमच्याकडे बायका 'लावतो', 'आलो', 'बसलो' असंच म्हणतात. घरात मीही तशीच बोलते, लिहायला बसले की 'आले' होते.) मी पेल्यात चमचा फिरवत होते. आई फोन घेऊन सोप्याकडे पळत होती. मागून तिचा आवाज आला, "अगं, ती होडी थांबव की गं!"

आज्जी पंधरा मिनिटांत सावरली. साखरेचं पाणी पोटात गेलं, मग अर्धी भाकरी गेली, आणि "काय झालं एवढं गोळा व्हायला?" असं तिनंच आम्हाला विचारलं. डॉक्टरांना फोन शेवटी माझ्या मोबाईलवरून लागला. होडीचा विषय त्या रात्री कुणी काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आई तर विसरूनच गेली असावी. मला मात्र ते वाक्य दात घासताना, गाडी चालवताना, कुणाशी बोलताना मध्येच ऐकू यायचं.

कारण ती होडी मी केलेली होती.

मी आणि माझी एक मैत्रीण, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत बसून वर्षभर एक अ‍ॅप करत होतो. अँड्रॉइड फोनचा होम स्क्रीनच बदलून टाकणारं. होमचं बटण दाबलं की नेहमीच्या चौकोनी चिन्हांच्या रांगांऐवजी समोर रंकाळा तलाव यावा, अशी कल्पना. वर आकाश, आणि ते घड्याळाप्रमाणे बदलणारं: पहाटे करडं, दुपारी पांढरट, सहा-साडेसहाला केशरी. मध्ये पाण्यात संध्यामठ, ती जुनी दगडी वास्तू. काठावर जितके निरोप वाचायचे राहिले असतील तितके बगळे. आणि पाण्यावर होड्या. प्रत्येक होडी म्हणजे एक अ‍ॅप किंवा घरातलं एक माणूस. पाण्यावर बोट टेकवलं की तरंग उठायचे. फोन तिरका केला की पाणी कलायचं आणि पाण्याबरोबर होड्याही सावकाश घरंगळायच्या. हे कलणं माझं सगळ्यात लाडकं होतं. ज्याच्या हातात फोन द्यावा तो आधी तो डावीकडे कलवायचा, मग उजवीकडे, आणि मग हसायचा. दाखवण्यासाठी म्हणून मी आईच्या फोनवरही ते घातलं. तीही हसली होती.

त्या रात्री आई पळत होती म्हणून हात हलत होता, हात हलत होता म्हणून होड्या पळत होत्या. फोनच्या आत एक बारीक संवेदक असतो, तो फोनला बसणारा प्रत्येक झटका मोजतो. त्याला घाई आणि खेळ यांतला फरक कळत नाही. डॉक्टरांची होडी संध्यामठाच्या मागं जाऊन बसली होती. आईचा अंगठा तिच्या मागं मागं, आणि ती जितकी घाबरत होती तितकी होडी लांब जात होती. हे मी तिला कधी समजावून सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते?

पाण्याचं वेड मला लहानपणापासूनचं. रविवारी संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, आम्हा दोघा भावंडांना रंकाळ्यावर न्यायचे. भेळेचा कागद हातात, बोटांना चिंचेचं पाणी लागलेलं, आणि भाऊ खापरीच्या भाकऱ्या करायचा. त्याची खापरी चार-पाच टप्पे घेत जायची, माझी पहिल्याच टप्प्याला बुडायची. मी मग फेकणं सोडून नुसती तरंग बघत बसायचे. एक वर्तुळ, त्याच्या आत दुसरं, ती दगडी पायऱ्यांना लागायची आणि परत फिरायची, आणि परत येणारी वर्तुळं जाणाऱ्यांतून आरपार निघून जायची. हेच पाणी आबालाल रहिमानांनी रंगवलं, पुढं कोल्हापुरातल्या किती चित्रकारांनी त्याच्या काठी बसून हात साफ केला. मला रंगात ते कधी जमलं नाही. वीस वर्षांनी ते आकड्यांत जमेल असं मात्र वाटलं.

आणि जमलंही. त्याची रीत इतकी साधी आहे की पहिल्यांदा कळली तेव्हा अंगावर काटा आला होता. पाण्याचे बारीक चौकोन करायचे. आमच्या पडद्यावर आडवे नव्वद आणि उभे एकशे साठ, म्हणजे १४,४०० चौकोन. प्रत्येक चौकोनाला एक उंची. दर खेपेला प्रत्येक चौकोनानं आपल्या चार शेजाऱ्यांची उंची विचारायची, त्या चौघांची बेरीज निम्मी करायची, त्यातून आपली मागच्या खेपेची उंची वजा करायची, आणि जे उरेल त्यातला थोडासा भाग थकवा म्हणून सोडून द्यायचा. बस्स. लाट नावाचं काहीही त्यात कुठं लिहिलेलं नाही, वर्तुळ नावाचंही नाही. तरी बोट टेकवलं की वर्तुळ उठतं, काठाला लागतं, परत फिरतं. डोळ्याला ते सलग दिसायचं तर हे सगळं सेकंदाला साठ वेळा, म्हणजे एका खेपेला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ. थकव्याचा आकडा ठरवायलाच आम्हाला तीन आठवडे लागले. थकवा जास्त झाला की पाणी तेलासारखं जड वाटायचं, कमी झाला की ते निवायचंच नाही, फोन खिशात ठेवेपर्यंत हिंदकळत राहायचं. शेवटी एका सकाळी आम्ही दोघी रंकाळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो, एकेक खडा टाकला आणि पाणी शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. फिरायला आलेले एक आजोबा थोडा वेळ थांबून बघत राहिले आणि काहीही न विचारता पुढं गेले.

एवढा जीव ज्यात घातला, त्यावर एका वाक्याचा ओरखडा आला, म्हणून ते सलत होतं का? सुरुवातीला तसंच वाटलं. नंतर वाटलं, ओरखडा पाण्यावर नाही. पाणी बरोबर होतं.

मी पहिल्यांदा असा जिवंत पडदा बघितला तो एका मावसभावाच्या फोनवर. अँड्रॉइडमध्ये हलते वॉलपेपर २०१० सालच्या सुरुवातीला आले, २.१ या आवृत्तीबरोबर, आणि त्यातलं एक पाण्याचं होतं: ओढ्यावर वाळकी पानं पडायची, आपण बोट लावलं की त्याभोवती तरंग उठायचे. एका लग्नाच्या मांडवात आम्ही पाच-सहा पोरं त्या एका फोनवर पडलो होतो, नवरा-नवरीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पण आता आठवून बघते, तर त्या पडद्यावरची चिन्हं जागच्या जागी होती. पानं वाहत जायची, पाणी हलायचं, फोनचं चिन्ह खाली जिथल्या तिथं. तेव्हा त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आयफोनचंही तसंच. चिन्हं हलवायची सोय त्यात २००८ च्या जानेवारीत आली. एखाद्या चिन्हावर बोट दाबून धरलं की सगळी चिन्हं थरथरायला लागतात, रांगेत उभी राहून कंटाळलेल्या पोरांसारखी. ते गोड दिसतंच, पण ती थरथर काहीतरी सांगत असते: आता आम्हाला उचलता येईल, आता आमची जागा पक्की नाही. काम झालं की थरथर बंद. पुढं २०१३ मध्ये त्याच फोनच्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत मागचं चित्र हाताच्या हालचालीबरोबर सरकायला लागलं, पडदे झूम होत उघडायला लागले, आणि कित्येकांना बघून गरगरायला लागलं, मळमळायला लागलं. महिन्याभरानं आलेल्या सुधारणेत हालचाल कमी करायची सोय वाढवावी लागली. हे सगळं मला माहीत होतं. मी ते वाचलं होतं, मैत्रिणीला समजावलं होतं. आणि तरी माझ्या होड्या चोवीस तास 'आमची जागा पक्की नाही' असंच सांगत होत्या.

जागा म्हणजे काय ते आईच्या मिसळणाच्या डब्यात दिसतं. सात वाट्या, मोहरी कुठं, हळद कुठं, जिरं कुठं, हे तिला विचारलं तर ती क्षणभर थांबते. हाताला विचारलं तर हात थांबत नाही. दिवे गेलेले असताना तिनं केलेली आमटी आम्ही जेवलो आहोत आणि मिठाचा खडा इकडचा तिकडं झालेला नव्हता. एकदा मावशीनं मायेनं डबा घासूनपुसून वाट्या उलटसुलट लावल्या, तर आठवडाभर आई स्वयंपाकघरात पाहुणी असल्यासारखी वावरत होती. चटणीच्या बरणीवरसुद्धा तिचं बोट असंच जातं, न बघता. फोनही तिनं असाच लावला होता: खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं चिन्ह, मग वरून तिसरं नाव. नावं ती वाचायची नाही, मोजायची. ती मोजणी मी मोडली होती, आणि मोडताना तिला हसवलं होतं.

मैत्रिणीला मी म्हटलं, होड्या काढून टाकू. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. होड्या काढल्या तर उरणार होतं ते एक वॉलपेपर, आणि वॉलपेपर करायला आम्ही नोकऱ्या सोडल्या नव्हत्या.

फेब्रुवारीत आईच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी चप्पल लाईनला गेले. ती गल्ली लांबूनच नाकाला कळते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याचा तो वास, थोडा तुरट, थोडा मातकट. आमचे नेहमीचे काका दुकानाच्या उंबऱ्याशी बसलेले, मांडीवर चप्पल, एका हातात आरी. भोक पाडायचं, वादी ओवायची, दातात धरून ताणायची. त्यांच्या शेजारी करकर वाजणाऱ्या चपलांची एक जोडी होती, गिऱ्हाईकासाठी करून ठेवलेली. आबांच्या पायात आयुष्यभर तसली चप्पल. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर ते दिवाणजी होते; संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी कर्र, कर्र ऐकू आली की भाऊ खेळ सोडून पुस्तक उघडायचा आणि आई उठून चहाचं आधण ठेवायची. पावलांवरून आम्हाला त्यांचा दिवससुद्धा कळायचा. सौद्याला भाव बरा मिळाला असेल तर पावलं सलग यायची. दमले असतील तर दोन पावलांत अंतर पडायचं.

मी काकांना विचारलं, हा आवाज नक्की येतो कुठून? त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, तळाच्या दोन थरांच्या मध्ये विंचवाचं बी घालतात. विंचू म्हणजे ते रानातलं झाड, ज्याच्या बीला नांगीसारखे आकडे असतात. पाय पडला की थर एकमेकांवर घासतात आणि मधलं बी बोलतं. मी ती नवी जोडी उचलली, कानाशी नेली, हलवून बघितली. काही नाही. हातानं दाबली, तरी नाही. काका हसले.

"अशी न्हाई वाजायची ती. घालून चाला. उभ्या माणसाची पण वाजत न्हाई."

मी दुकानासमोर त्या गिऱ्हाइकाच्या चपला घालून चार पावलं चालले. वाजल्या. थांबले, गप्प. पुन्हा चालले. येणाऱ्याजाणाऱ्यांना मी काय करते आहे ते कळलं नसेल, मला मात्र रडू येईल की काय असं वाटत होतं. ही चप्पल चालणाऱ्याला कुठं अडवत नाही. तिला बोलायची हौस आहे, पण पावलाच्या पुढं ती बोलत नाही. पाऊल टाकलं की तिचं उत्तर, पाऊल थांबलं की तीही थांबली. माझ्या होड्या विचारल्याशिवाय बोलत होत्या.

आईची चप्पल तिथंच विसरून मी राजारामपुरीत गेले. (ती दुसऱ्या दिवशी भावानं आणली.)

त्यानंतरचे तीन महिने आम्ही पुन्हा मांडलं. होड्या आता घाटाला दोरीनं बांधलेल्या आहेत. फोन कितीही हलला तरी त्या जागा सोडत नाहीत; पाणी कलतं, त्या फक्त किंचित डुलतात, तेही बोट पाण्याला लागलं तरच. यातली खरी खुबी दिसत नाही ती आहे. होडीचं चित्र डुलतं, पण बोटाचा स्पर्श घेणारा जो अदृश्य चौकोन असतो, साधारण नऊ मिलिमीटरचा, तो तसूभरही हलत नाही. डोळ्याला होडी तरंगताना दिसते आणि अंगठ्याला ती जमिनीत रोवलेली लागते. जागा बदलायची असेल तर होडीवर बोट दाबून धरायचं, दोरी सुटते, हवी तिकडं न्यायची, सोडली की पुन्हा गाठ बसते. सगळ्यात खाली, डाव्या कोपऱ्यात, दोन होड्या अशा आहेत की ज्यांची दोरी सुटतच नाही. एक फोनची, दुसरी ज्याची त्यानं ठरवायची. आईची दुसरी होडी डॉक्टरांची आहे. आणि समोर दुसरं काही उघडलं, पाणी झाकलं गेलं, की ते १४,४०० चौकोन एकमेकांना विचारायचे थांबतात. हलत्या वॉलपेपरला दिसेनासं झाल्याचा निरोप मिळतो, तो पाळला नाही तर झाकलेलं पाणीही बॅटरी पीत राहतं. आधी आम्ही तो बॅटरीपुरता पाळत होतो. आता मला तो फार आवडतो.

दाखवताना आता पहिल्यासारखं होत नाही. लोक फोन कलवतात, पाणी कलतं, पण होड्या घरंगळत नाहीत, आणि ते मोठ्यानं हसणं येत नाही. त्याची मला हळहळ आहे. वर्षभर त्या हसण्यावर जगले होते. एका गिऱ्हाइकानं तर तोंडावर सांगितलं, पहिलं जास्त मजेशीर होतं. होतंच ते. पण आईला डोळे मिटायला सांगून फोन हातात दिला, तर तिनं अंगठा खाली डाव्या कोपऱ्यात टेकवला आणि माझ्याकडं तोंड करून विचारलं, "लागला काय?" लागला होता. डॉक्टरांना मी कसंबसं समजावलं.

राहिलं होतं ते आवाजाचं. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाताना, म्हणजे पडदा बाजूला सरकवताना, कोल्हापुरी चपलेची पावलं वाजावीत असं मला चप्पल लाईनपासून वाटत होतं. बोट सावकाश सरकलं तर सावकाश पावलं, झपकन सरकलं तर झपझप, बोट थांबलं की आवाज थांबला. फोन गप्प करून ठेवला असेल तर काहीच नाही. मैत्रीण म्हणाली, आवाज तयार मिळतात, विकत घेऊ. ऐकले, दार कुरकुरल्यासारखे होते सगळे.

आबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या चपला आईनं फळीवर ठेवल्यात, दर पावसाळ्याआधी तेल लावून. परवा संध्याकाळी त्या काढल्या. तळावर त्यांच्या बोटांचे पाच काळपट खळगे आहेत, माझी बोटं त्यात पोचत नाहीत. बोळात तेव्हा कुणी नव्हतं. फोन उंबऱ्यावर ठेवला, ध्वनिमुद्रण सुरू केलं, आणि बोळाच्या तोंडापासून घरापर्यंत चालत आले. माझ्या वजनाला आवाज नीट येईना. हलका, वरवरचा. परत गेले, टाच दाबून चालले. तिसऱ्या खेपेला कर्र, कर्र आला, आबांचाच नाही पण त्यांच्या घराण्यातला. मी उंबऱ्यापर्यंत आले, थांबले, वाकून मुद्रण बंद केलं.

रात्री खोलीत ते ऐकलं. बारा सेकंदांचं आहे. नऊ पावलं, मग शांतता, आणि अगदी शेवटी, आतून, लांबून, गॅसच्या लायटरचा टक् असा आवाज. आईनं आधण ठेवलं होतं. मी दारात आले तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, आधण उकळत होतं, आणि तिनं न वळताच विचारलं होतं, "तू हाईस व्हय?" मग चहा दोघींत घेतला.

मैत्रिणीनं पावलं सुटी करून दिली आहेत, आता ती बोटाबरोबर वाजतात. मूळ मुद्रण माझ्याकडं आहे. तो टक् मी कापलेला नाही.